पारडी बदलून

शिक्षण खात्याच्या बाई दुपारी येणार होत्या आणि त्यांना दार उघडायचंच नाही, असं दादाने सकाळीच जाहीर करून टाकलं होतं. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, हे फोनवर सांगितलं, तेही चोरून बोलल्यासारखं. "तू येऊन जा," ते म्हणाले. "तो ऐकेल असं नाही. पण तू येऊन जा." मुख्याध्यापिकेने अर्ध्या दिवसाची रजा टाकली, किल्ल्यांचा जुडगा उपमुख्याध्यापकांच्या हवाली केला आणि तीन वर्षांनी पहिल्यांदा भावाच्या घराची पायरी चढली.

शाळेत तिच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने वर्ग चिडीचूप होत. या घरात मात्र ती बेबी होती. पन्नाशी जवळ आली, डोळ्यांना जाड चष्मा लागला, सरकारी शाळेचा कारभार डोक्यावर आला, तरी बेबी ती बेबीच. वडिलांसाठी बेबी, थोरल्या भावासाठी बेबी आणि वहिनीसाठीही बेबीच. बाहेर कमावलेली सगळी पत या उंबऱ्यावर काढून ठेवावी लागते हे तिला माहीत होतं. तीन वर्षं ती आली नव्हती, त्यात याचाही थोडा वाटा होता.

पुढच्या मोठ्या खोलीत कारखाना आणि मागच्या दोन खोल्यांत संसार, अशी त्या घराची वाटणी होती. घराण्याचा धंदा वजनकाट्यांचा. तराजू बनवायचे, झिजलेले दुरुस्त करायचे, वजनं घासून नेमकी करायची. भिंतीवरच्या फळीवर लोखंडी वजनं थोरल्यापासून धाकट्यापर्यंत ओळीने उभी असत. त्या प्रत्येकाच्या बुडाशी शिशाचा एक गोल ठिपका आणि त्या ठिपक्यावर सरकारचा ठप्पा होता. वजन कमी भरलं तर शिसं घालायचं, जास्त भरलं तर कोरायचं, आणि दरसाल मापांच्या निरीक्षकाकडून नवा ठप्पा मारून घ्यायचा. ठप्प्याशिवाय वजन बाजारात चालत नाही. आजोबांच्या वेळेपासून हेच चालत आलं होतं.

दादा पकडीत तराजूची दांडी अडकवून कानस मारत होता. बहीण आत आली हे त्याला कळलं होतं, कारण कानशीचा आवाज एकदम वाढला. खिडकीशी काचेच्या पेटीत नाजूक तराजू होता आणि त्याच्यासमोर उंच स्टुलावर गुंजी बसली होती. जन्मली तेव्हा इतकी किरकोळ होती की अण्णा म्हणाले होते, ही तर गुंजभर. तेव्हापासून गुंजी. आता दहा पुरी होऊन अकरावं लागलं होतं, पाय लांब झाले होते, आणि हातातल्या चिमट्यात नखाएवढं पितळी वजन धरून ती श्वास रोखून बसली होती.

"आत्या, आत्ता बोलू नकोस हं," ती मान न वळवता म्हणाली. "काटा हलतो."

तीन वर्षांनी भेटलेल्या भाचीचे हे पहिले शब्द. आत्या गप्प उभी राहिली. काटा स्थिरावला. गुंजीने आकडा सांगितला नाही. तिने डाव्या पारड्यातलं उजव्यात ठेवलं, उजव्यातलं डाव्यात, पुन्हा काटा स्थिरावण्याची वाट पाहिली, आणि मग अण्णांकडे बघून मान हलवली. या घरातली ही रीतच होती. खोटा तराजूही पहिल्या तोलाला सरळ उभा राहतो. एक बाजू किंचित लांब आणि दुसरी आखूड असली तरी माल आणि वजन अशा खुबीने जमतात की काटा मधोमध. ते ढोंग पारडी बदलली की उघडं पडतं. म्हणून पारडी बदलल्याशिवाय या घरात कुणी कुठल्याही तराजूबद्दल खरा की खोटा हे बोलत नसे. पहिल्या तोलावर बोलतो तो गिऱ्हाईक, दुसऱ्यावर बोलतो तो काटेवाला, असं दादा म्हणायचा. ते मूळचं अण्णांचं वाक्य, पण आता ते त्याचं झालं होतं.

बिघडलं ते एका प्रश्नावरून. गुंजी तेव्हा दुसरीत होती, तीही आत्याच्याच शाळेत. वर्गशिक्षिकेने मुलांना तो जुना प्रश्न घातला: किलोभर लोखंड जड की किलोभर कापूस? अर्धा वर्ग लोखंड म्हणाला, शहाणी मुलं सारखंच म्हणाली. गुंजी म्हणाली, कापूस. कारण कापूस फुगीर असतो, हवा त्याला खालून थोडी उचलून धरते, म्हणून काटा सरळ यायला जरासा जास्तच कापूस घालावा लागतो. बाई हसल्या. वर्ग हसला. गुंजीने पुन्हा समजावून सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं, आणि मग बाईंचं हसू ओसरलं. उलट उत्तर देते म्हणून तिला वर्गाच्या दाराबाहेर उभं केलं, ते शाळा सुटेपर्यंत. दादा हत्यारांची पेटी घेऊनच आला होता, शाळेच्या भांडारातला काटा दुरुस्त करायला. पोरगी दाराशी दिसली. त्याने काटा दुरुस्त केला नाही. मुख्याध्यापिकेच्या खोलीत आला आणि एवढंच विचारलं, की उत्तर बरोबर होतं का चूक. बेबीने उत्तरावर काही बोलायचं टाळलं. वर्गातली शिस्त हा शिक्षिकेचा अधिकार आहे, असं ती म्हणाली. नियमाप्रमाणे तेच बरोबर होतं, आणि आजही तिला ते चुकीचं वाटत नव्हतं. फक्त त्या दुपारनंतर दादाने मुलीला शाळेत पाठवलं नाही आणि बहिणीच्या घरी पाऊल टाकलं नाही.

घरी शिकवायला कायद्याची आडकाठी नव्हती. मात्र खात्याला कळवायचं आणि मूल दहाचं झालं की त्यांनी येऊन ते काय शिकलं हे एकदा पाहायचं, एवढी अट होती. दादाने कळवलंच नव्हतं. झाकली मूठ तशीच राहिली असती, पण महिन्यापूर्वी खात्याचं पत्र आलं. पाहणी होऊ दिली नाही, तर जवळच्या सरकारी शाळेत नाव घालण्याचा हुकूम निघणार होता. जवळची सरकारी शाळा म्हणजे बेबीची.

कानस थांबली.

"आलीस," दादा म्हणाला. "बरं केलंस. कळवणाऱ्याने निकाल बघायलाही यावं."

बेबीला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. खात्याला आतल्या माणसाशिवाय कळणं शक्य नव्हतं, पत्रात मुलीचं वयसुद्धा बरोबर होतं, आणि या घराबद्दल खात्यात बोलू शकेल असं माणूस दादाच्या हिशेबी एकच होतं. ती तोंड उघडणार तेवढ्यात तिची नजर आतल्या दाराकडे गेली. वहिनी तिथे पाण्याचा पेला घेऊन उभी होती, पाहुणीला द्यायला. तो पेला ती देत नव्हती आणि खालीही ठेवत नव्हती. आयुष्यभर मुलांच्या चेहऱ्यांवरून कागद कुणी फाडला, शाई कुणी सांडली हे ओळखत आलेल्या बाईला आणखी काही सांगावं लागलं नाही.

"बोल की," दादा म्हणाला.

"मी काय बोलू," बेबी म्हणाली. "तुझं ठरलंय ना सगळं."

एवढं म्हणून ती आत गेली. आपण खोटं बोललो नाही आणि खरंही बोललो नाही, हे तिच्या लक्षात आलं. शाळेत ती असल्या उत्तराला अर्धा गुणसुद्धा देत नसे.

स्वयंपाकघरात वहिनीने पेला शेवटी ओट्यावर ठेवला आणि चहाचं आधण चढवलं. या वहिनीचा बेबीला पूर्वी मत्सर वाटायचा. लग्नाआधी ती एका प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायची, चटपटीत होती, आणि दादाच्या प्रत्येक तत्त्वाला हसून मान डोलवायची. दादाला असं मान डोलवणारं माणूस घरात पहिल्यांदाच मिळालं होतं. आता तिच्या ओट्यामागच्या भिंतीवर मसाल्याच्या डब्यांच्या वर पृथ्वीचा नकाशा होता, फ्रिजवर अपूर्णांकांच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, आणि डायनिंग टेबलावर जेवायला अर्धीच जागा उरली होती.

तिने सांगितलं, पण सलग नाही. तीन वर्षं रोज सकाळी भाषा, मग गणित, मग इतिहास. दुपारी कारखान्यात दादा आणि अण्णा मुलीला काटे शिकवतात, आणि घरी शिकते म्हणजे कशी शिकते हे कुणी विचारलं की सगळे काट्यांचंच सांगतात. तिची प्रयोगशाळा मध्यंतरी तिला परत बोलावत होती. दोनदा बोलावलं. दादा म्हणाला, आपण ठरवलंय ना.

"तत्त्व त्यांचं," वहिनी म्हणाली. "तास माझे."

बेबीने विचारलं, हे त्याला सांगून पाहिलंस का. वहिनी म्हणाली, दरवेळी सांगायला जाते आणि दरवेळी ते इतकं बरोबर बोलतात की आपलं म्हणणं मला आळसासारखं वाटायला लागतं. मग तिला वाटलं होतं, सरकारने सांगितलं तर कुणाचंच हरणं नाही. तो सरकारवर चिडेल, तिच्यावर नाही. बहिणीवर चिडेल हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. "सांगू का मी त्यांना?" तिने विचारलं, आणि ते विचारतानाच तिचा चेहरा इतका उतरला की बेबीने ताबडतोब नको म्हटलं. तीन वर्षांचा अबोला आहेच, तिने हिशेब केला, त्यात आणखी थोडं शिसं घातल्याने माझं काय बिघडतं. हे औदार्य होतं, आणि भावापेक्षा आपण मोठ्या मनाच्या आहोत असं वाटण्याचं सुखही त्यात होतं. चहा घेताना तिला ते दोन्ही कळत होतं.

बाहेर बापलेकाची जुंपली होती. ती या घराची जुनी करमणूक. अण्णा ऐंशीचे, दोन कवळ्या, एक कान कामातून गेलेला, पण वाद घालायचा असला की दोन्ही कान शाबूत. त्यांचं म्हणणं साधं होतं. आपण घासलेलं वजन आपण तपासत नाही. कितीही कसबी हात असो, आपल्या हाताला आपली चूक कळत नाही, म्हणून निरीक्षक येतो आणि ठप्पा मारतो. "मग पोरीचं काय वेगळं?" ते म्हणाले. "येऊ दे बाईला. बघू दे. खरी असेल तर खरीच ठरेल."

"वजन मी बनवतो, अण्णा," दादा म्हणाला. "पोरगी मी बनवत नाही. वजनाला फक्त किलोएवढं भरायचं असतं. हिने कुणाएवढं भरायचं, हे सरकारला काय ठाऊक?"

बेबी दारात उभी राहून ऐकत होती. तिच्याजवळ या वादाची तयार उत्तरं होती, सभांमधून शंभरदा दिलेली. मूल हे आईबापाची मालमत्ता नाही. ज्या घरात तिन्ही त्रिकाळ मारच मिळतो, तिथल्या मुलाने काय करायचं? शाळा नसती तर कितीतरी पोरी चुलीपुढेच संपल्या असत्या. ती हे बोललीही. दादाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "कबूल. आता दाराबाहेर उभ्या केलेल्या पोरीचं सांग." अण्णा म्हणाले, दोघंही बरोबर बोलताय म्हणजे नक्की काहीतरी चुकतंय. गुंजी आपल्या स्टुलावर बसून सगळं ऐकत होती. तिला कुणी काही विचारलं नाही.

घंटी वाजली.

दादा हात पुसत उठला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. कडी काढली नाही. काचेतून बाहेरची बाई दिसत होती, खांद्याला भली मोठी पिशवी, नाक पुसत उभी. तिला सर्दी झाली होती. बेबीला वाटलं, आता हा दाराआडून भाषण करणार. अण्णा उठायला धडपडले, वहिनी जागीच उभी राहिली, आणि गुंजी स्टुलावरून उतरून बापाजवळ गेली.

"बाबा, तो बाजारातला धान्यवाला आठवतो? आपण गेलो की काटा आत लपवायचा."

"मग?"

"तुम्ही म्हणाला होतात, लपवतोय म्हणजे खोटाच असणार."

अण्णा खोकल्यासारखं काहीतरी करून हसले. दादाने कडी काढली.

खात्याच्या बाईंकडून बेबीने बऱ्यापैकी अपेक्षा ठेवल्या होत्या, म्हणजे बाई उद्धट असाव्यात अशी. तसं झालं असतं तर सगळ्यांनाच सोपं गेलं असतं. पण बाई नुसत्या दमलेल्या होत्या. त्यांनी चहा घेतला, दोनदा आभार मानले, काचेच्या पेटीतल्या तराजूकडे कुतूहलाने बघितलं आणि डायनिंग टेबलाच्या रिकाम्या अर्ध्या भागावर आपले कागद मांडले. गुंजीकडून त्यांनी वाचून घेतलं. गुंजीने वाचलं, आणि मधे थांबून लेखकाने एकच गोष्ट दोनदा सांगितलीय हेही सांगितलं. इतिहासात विचारलं, तिने उत्तर दिलं. नकाशावर नद्या दाखवल्या. प्रत्येक उत्तराला वहिनीचे ओठ किंचित हलत होते, नाटकात बाजूला उभं राहून संवाद पुरवणाऱ्या माणसासारखे. दादाचं लक्ष मुलीकडे होतं. ते ओठ फक्त बेबीने पाहिले.

मग गणिताचा कागद आला. त्याला वेळ लावलेला होता. वेळ संपली आणि बाईंनी कागद ओढून घेतला तेव्हा निम्म्याहून जास्त उदाहरणं कोरी होती.

"येत नाहीत?" बाईंनी विचारलं.

"पोचले नाही," गुंजी म्हणाली.

बाईंनी सोडवलेली उदाहरणं तपासली. सगळी बरोबर होती. प्रत्येकाशेजारी तेच उदाहरण उलट्या बाजूने पुन्हा केलेलं होतं. भागाकार केला की खाली गुणाकार, वजाबाकीखाली बेरीज, आणि मगच उत्तराखाली रेघ. सरळ एकदा, उलट एकदा. दहा वर्षांच्या मुलीला परीक्षा म्हणजे घाई असते हे कुणी सांगितलंच नव्हतं. वहिनीच्या मनात ते आलं नाही, कारण ती घाईने शिकवत नसे, आणि बापाने तर पारडी न बदलता बोलणाऱ्याला गिऱ्हाईक म्हणायला शिकवलं होतं. सहाशे मुलांना वेळेत पेपर पुरा करायला शिकवणाऱ्या मुख्याध्यापिकेला ते कोरे चौकोन बघून आधी कीव आली, आणि मग आपल्या शाळेतल्या किती मुलांनी कधी एखादं उत्तर उलटं करून पाहिलं असेल, असा एक नकोसा विचार आला.

बाईंनी कागद खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं की नियमाने वेळेत निम्मंही झालं नाही म्हणजे कमी पडतं. पण चूक एकही नाही, वाचन वयाच्या पुढचं आहे, आणि सक्तीचा हुकूम काढावा असं त्यांना इथे काही दिसत नाही. तेव्हा निर्णय आईवडिलांचा. घरीच शिकवायचं तर वर्षभराची मुदत मिळेल. "दोघांची सही लागेल," त्या म्हणाल्या आणि कागद पुढे सरकवला.

दादाने सही केली. त्याच्या चेहऱ्यावर आनंद असा नव्हता, पण खांदे सैल झाले. ज्या सरकारशी तो महिनाभर मनातल्या मनात लढत होता ते सर्दीचा रुमाल शोधत समोर बसलं होतं आणि त्याचंच म्हणणं मान्य करत होतं. त्याने पेन बायकोपुढे धरलं. कारखान्यात कुणाला कानस द्यावी तसं, न बघता.

वहिनीने पेन घेतलं नाही.

"कळवलं होतं मी," ती म्हणाली. "बेबीने नाही."

दादा आधी बहिणीकडे बघत राहिला, जणू तिने ते आता नाकारायला हवं होतं. मग बायकोकडे. बेबीने त्याला लहानपणापासून चिडलेलं पाहिलं होतं, रडताना दोनदा पाहिलं होतं, पण आपली बाजू कुठली हे न कळलेला दादा तिने पाहिला नव्हता. खात्याच्या बाई आपल्या पिशवीत काहीतरी शोधू लागल्या. बहुतेक घरांत ही वेळ येत असावी.

"मला सांगायचं," दादा शेवटी म्हणाला.

"सांगितलं होतं," वहिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच मधे बोलायची कुणाला सोय नव्हती. "तुम्ही म्हणालात, मुलांवर हक्क आईबापाचा. मला आवडलं ते. पण त्यात आई होते कुठे मी? हक्क तुमचा आणि घोकून घ्यायचं मी. मी दमले, हो. मला परत कामावर जायचंय. आणि ते सोडलं तरी, तिला तिच्या वयाचं एक माणूस नाही इथे. सगळ्यात धाकटं माणूस म्हणजे मीच."

अण्णा म्हणाले, "बरोबर बोलतेय ती." दादा म्हणाला, "अण्णा, तुम्ही गप्प बसा." अण्णा गप्प बसले, पण आपली काठी उचलून सुनेच्या खुर्चीशेजारी जाऊन बसले. या घरात बाजू बदलल्याचं असंच कळत असे.

एका सहीचा कागद टेबलावर पडून होता. बाईंनी नाक पुसलं आणि जो प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा होता तो विचारला. गुंजीकडे वळून म्हणाल्या, "तुला काय वाटतं गं? घरी शिकायचंय की शाळेत?"

गुंजीने आईकडे बघितलं नाही, बापाकडेही नाही. ती विचार करत होती, आणि तिचा विचार संपेपर्यंत थांबायची सवय त्या घरातल्या सगळ्यांना होती. पाहुण्या बाईही थांबल्या.

"मला सांगता येणार नाही," ती म्हणाली. "एकाच बाजूने तोललंय. दुसरीत असताना शाळेत होते, पण तेव्हा लहान होते, ते धरता येणार नाही. आता पारडी बदलायला पाहिजेत. वर्षभर तिकडे. मग सांगेन."

"आणि तिकडे नाही आवडलं तर?" दादाने विचारलं.

"मग तसं सांगेन. दोन्ही तोल झाल्यावर." ती थांबली. "बाबा, तुम्हीच सांगता ना."

त्यावर दादाला बोलता आलं असतं. हा तराजू नाही, पोरी, असं म्हणता आलं असतं. पण तेच तो मघाशी अण्णांना म्हणून चुकला होता आणि त्याच हट्टातून हे सगळं इथवर आलं होतं. तो उठला, कारखान्यात गेला, पकडीतली दांडी सोडवून पुन्हा अडकवली. बेबी त्याच्या मागोमाग गेली. दोघं भावंडं कामाच्या टेबलाच्या दोन बाजूंना उभी राहिली, लहानपणी वडिलांची बोलणी खाऊन उभी राहायची तशी.

"तू का नाही बोललीस?" त्याने विचारलं. "मघाशी. मी तुला काय वाट्टेल ते बोललो."

"तू माझ्यावर आधीच चिडलेला होतास. तिच्यावर नवीन चिडला असतास."

तो कानशीवरचा कीस अंगठ्याने झाडत राहिला. मग म्हणाला, "त्या बाई आहेत अजून? दाराबाहेर उभं करणाऱ्या?"

बेबीला नाही म्हणता आलं असतं. बदली झाली म्हणता आलं असतं, वर्ग वेगळा देते म्हणता आलं असतं, आणि ते तिच्या हातातही होतं. गेली तीन वर्षं तिने शिस्त, अधिकार आणि नियम यांच्यावर बोट ठेवून स्वतःला सावरलं होतं. आज सकाळपासून तिने एकदा अर्धं खरं सांगितलं होतं आणि त्याचं फळ पाहिलं होतं.

"आहेत," ती म्हणाली. "पाचवीला शिकवतात आता. गुंजीचा वर्ग त्यांच्याकडेच येईल." आणि जरा थांबून, कारण हे जास्त अवघड होतं, "उत्तर बरोबर होतं तिचं. मी घरी जाऊन त्याच रात्री वाचून बघितलं होतं. हवा उचलते. तुला सांगितलं नाही."

दादाने पहिल्यांदा मान वर केली. त्याच्या तोंडावर आधी राग आला, तो तीन वर्षांचा होता. मग तो राग कुठे ठेवावा हे त्याला कळेना.

"तीन वर्षं," तो म्हणाला.

"हो."

दारात गुंजी उभी होती. ती कधी आली हे दोघांनाही कळलं नव्हतं. तिच्या मागे स्वयंपाकघरातून खात्याच्या बाई अण्णांना हळू आवाजात काहीतरी विचारत होत्या आणि अण्णा त्यांच्या चांगल्या कानाची बाजू पुढे करत होते.

"त्याच बाई असतील तर बरंच आहे," गुंजी म्हणाली. "मी नीट सांगितलं नव्हतं त्यांना. नुसतं तोंडाने सांगितलं. दाखवायला हवं होतं." ती फळीखालचा डबा ओढून त्यातला पॅकिंगचा कापूस मुठीमुठीने पिशवीत भरू लागली. "पेटीतला तराजू नेऊ देणार नाहीत ना? मग साधा नेते. वजन कुठलं नेऊ?"

उत्तराची वाट न बघता तिने फळीवरचं किलोचं वजन स्वतःच उतरवलं. दोन्ही हातांनी धरून ती पिशवी भरायला आत निघाली.

"थांब," दादा म्हणाला.

ती थांबली. बेबीही जागच्या जागी थांबली. दादाने मुलीच्या हातातलं वजन घेतलं, खिडकीशी गेला, ते उलटं केलं आणि बुडाचा शिशाचा ठिपका अंगठ्याने पुसून उजेडात धरला. मग ते वजन फळीवर परत ठेवून त्याने शेजारचं दुसरं किलोचं उचललं, त्याचंही बूड पाहिलं आणि ते मुलीच्या हातात दिलं.

"हे ने," तो म्हणाला. "याच्यावर यंदाचा ठप्पा आहे. नाहीतर बाई म्हणतील वजनच खोटं."